खांदेरीचा मुक्काम : भरती-ओहोटीच्या हिशेबावर टिकलेले बेट

१/ हिवाळा लागला की नागाव, काशीद, रेवदंड्याच्या वाळूवर तंबू उभे राहू लागतात. शेकोटी, समुद्राची गाज आणि पहाटेची डुबकी असा बेत असतो. याच किनाऱ्यासमोरच्या एका बेटावर साडेतीनशे वर्षांपूर्वी दीडशे माणसांनी मुक्काम ठोकला होता. तट अजून उभा राहायचा होता आणि लवकरच समोर इंग्रजांची जहाजे नांगर टाकून उभी राहिली. तरीही ती माणसे टिकली. कशी टिकली, ते सांगणारा हा धागा. लांब आहे, सवडीने वाचावा. 🧵

२/ आरंभ मात्र पावण्यापासून करू. नवी मुंबईतल्या या गावाची ओळख आज एमआयडीसीमुळे आहे. कारखाने, रेल्वेचे रूळ आणि वसाहती ओलांडून पश्चिमेस गेले की तिवरांचे रान लागते व पुढे ठाण्याची खाडी. या खाडीत दिवसातून दोनदा पाणी चढते आणि दोनदा उतरते. ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलात रोहित पक्षी चरतात. काही तासांनी तिथेच होडी तरंगते. समुद्र डोळ्यांआड असला तरी त्याचा श्वास पावण्यापर्यंत पोहोचतो.

३/ हे पाणी येते मुंबई बंदराच्या मुखातून, घारापुरीच्या बेटाला वळसा घालून. त्या मुखाच्या दक्षिणेस, अलिबागजवळच्या थळ गावासमोर, दोन लहान बेटे आहेत : खांदेरी आणि उंदेरी. उंदेरी किनाऱ्याला जवळ, तर खांदेरी जरा आत, खोल पाण्याच्या बाजूला. मुंबईत शिरणारे वा मुंबईतून दक्षिणेस जाणारे जहाज येथून दिसल्याविना राहत नाही. पावण्याच्या चिखलात थकून पोहोचणारी भरती त्याआधी खांदेरीच्या खडकांना भिडलेली असते.

४/ पुढची हकीकत समजण्यासाठी थोडे पाण्याचे गणित. अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास सूर्य आणि चंद्र यांची ओढ एका रेषेत येते. तेव्हाची भरती सर्वांत उंच व ओहोटी सर्वांत खोल असते. हे उधाण. अष्टमीच्या आसपास दोन्ही सौम्य असतात, ते भांग. मुंबईच्या किनाऱ्यावर मोठ्या उधाणाला पाण्याची पातळी साडेचार मीटरच्याही वर चढते. म्हणजे दीड मजल्याएवढे पाणी साधारण सहा तासांत येते आणि तितक्याच वेळात परत जाते.

५/ घड्याळ नसलेला कोळी भरतीची वेळ कशी ओळखत असे? तिथीवरून. कोकणात आजही चालणारा ठोकताळा असा : तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी, येईल तो पूर्ण भरतीचा तास. चतुर्थी असेल तर ४ ची पाऊणपट ३, म्हणजे पहाटे व दुपारी तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहाच्या सुमारास. त्यापुढे साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. हिशेब स्थूल आहे, परंतु पंचांग आणि बोटे एवढ्या सामग्रीवर तो जमतो.

६/ आता राजकारण. जंजिऱ्याचा सिद्दी हा शिवाजी महाराजांचा समुद्रावरील कट्टर वैरी. पावसाळ्यात खवळलेल्या समुद्रात आरमार उघड्यावर ठेवता येत नाही, म्हणून सिद्दीची जहाजे मुंबईत माझगावला आसऱ्यास येत. इंग्रज नाखुशीने का होईना, त्यांना जागा देत. पाऊस सरला की हीच जहाजे बाहेर पडून मराठी मुलखातील किनारा लुटीत. मुंबईच्या मुखाशी आपली चौकी बसल्याविना या दुखण्याला उतार नाही, हे महाराजांनी ओळखले होते.

७/ खांदेरीवर किल्ला बांधण्याचा पहिला प्रयत्न १६७२ चा. इंग्रज आणि सिद्दी यांच्या विरोधामुळे तो तेव्हा थांबला. सात वर्षांनी, १६७९ च्या पावसाळ्याच्या अखेरीस, महाराजांनी पुन्हा माणसे पाठवली. मायनाक भंडारी या सरदाराच्या हाताखाली सुमारे दीडशे माणसे आणि चार लहान तोफा बेटावर उतरल्या आणि बांधकाम सुरू झाले.

८/ या निवडलेल्या वेळेकडे लक्ष द्या. समुद्र पुरता निवळला की विरोधकांची मोठी जहाजेही बाहेर पडणार. भर पावसात गेले तर आपलीच माणसे बुडणार. या दोहोंमधली अरुंद फट साधायची होती. नारळी पौर्णिमेनंतर समुद्र हळूहळू शांत होतो आणि किनाऱ्यावरचे नाखवे पुन्हा होड्या लोटू लागतात. लहान तराफ्या-होड्यांना थळहून खांदेरी गाठता येते, तरी मोठ्या आरमाराची तयारी अजून पुरी व्हायची असते. ही फट तलवारबहाद्दराला दिसत नाही, दर्यावर्दीला दिसते.

९/ मुंबईकर इंग्रजांना बातमी लागताच त्यांनी जहाजे पाठवून बेट सोडण्याची मागणी केली. धन्याचा हुकूम आल्याविना बेट सोडणार नाही, असा मायनाकाचा जबाब गेला. मग इंग्रजांनी वेढा घातला. त्यांचा हिशेब सरळ होता : बेट ओसाड आहे, बाहेरून धान्य, चुना, लाकूड नेण्याची वाट बंद केली की माणसे आपोआप शरण येतील. लढण्याचीही गरज पडू नये.

१०/ पहिला फटका मात्र इंग्रजांनाच बसला. १९ सप्टेंबर १६७९ रोजी लेफ्टनंट फ्रान्सिस थॉर्प याने हुकूम नसताना आपला मचवा बेटाला लावण्याचा प्रयत्न केला. बेटावरून मारा झाला. थॉर्प ठार झाला, त्याच्या सोबतचे काही मेले, काही कैद झाले. (या धाग्यातील खांदेरीच्या तारखा त्या वेळच्या इंग्रजी, म्हणजे जुलियन, पंचांगाच्या आहेत. आजच्या पंचांगात त्या दहा दिवस पुढे जातात.)

११/ खडकाळ बेटावर होडी लावणे हे स्वतंत्र कसब आहे. लाट होडीला उचलून खडकावर आपटते आणि परत फिरताना तिला ओढून नेते. कुठल्या बाजूस खडकांमध्ये सापट आहे, कोणत्या पाण्याला ती झाकली जाते आणि किती पाण्याला होडी आत सरकते, हे आधी ठाऊक असावे लागते. ज्याला ठाऊक नाही, तो पोहोचेपर्यंत शत्रूच्या निशाण्यावर तसाच डुलत राहतो. थॉर्पच्या माणसांवर नेमकी तीच पाळी आली.

१२/ आता बेटावरचा संसार पाहा. दीडशे माणसांना रोज दोन वेळचे अन्न हवे. खाऱ्या हवेत राबणाऱ्या माणसाला पिण्याचे पाणी अधिकच लागते. तोफांना दारू हवी, तटाला सामान हवे. जखमी माणूस परत किनाऱ्यावर पोहोचायला हवा. यांतले बहुतेक सारे थळ व नागावच्या बाजूने, इंग्रजांच्या नाकासमोरून न्यायचे होते. आणि ते जात राहिले. कंपनीच्या पत्रव्यवहारात याविषयीचा वैताग उघड दिसतो. रात्री मराठ्यांच्या होड्या निसटतात आणि आपल्याला त्या अडवता येत नाहीत, अशी ती तक्रार आहे.

१३/ अडवता का येत नव्हत्या? इंग्रजांचे जहाज शिडांवर चालणारे, तळ खोल. वारा पडला की ते जागीच खिळते. उथळ पाण्यात, खडकांच्या जवळ जाण्याची त्याची छाती नाही. मराठ्यांच्या होड्या लहान, तळ उथळ, हाताशी वल्ही. वारा नसेल तर त्यांना उलट सोयीचेच. शिवाय पावसाळा सरल्यावर रात्री जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारे वाहू लागतात. किनाऱ्यावरून बेटाकडे निघालेल्या भरल्या होडीला ते पाठीवरून ढकलणारे. बेट आणि किनारा यांच्यामधले पाणी मराठ्यांच्या अंगणासारखे झाले होते.

१४/ १८ ऑक्टोबरच्या पहाटे दौलतखानाच्या हाताखाली मराठ्यांचे आरमार नागावच्या बाजूने बाहेर पडले. पन्नासच्या आसपास तरांडी होती. इंग्रजांची आठ जहाजे तेथे होती, त्यांत ‘रिव्हेंज’ हे सर्वांत मोठे. त्यावर कॅप्टन मिंचिन आणि रिचर्ड केग्विन होते. मराठे इतक्या वेगाने आले की नांगर उचलण्यासही पुरता अवसर मिळाला नाही. ‘डव्ह’ नावाची गुराब मराठ्यांनी पकडली. इंग्रजांची बाकीची लहान गलबते पांगली.

१५/ एकटे ‘रिव्हेंज’ मात्र नेटाने लढले आणि त्याच्या तोफांपुढे मराठी आरमाराला मागे फिरावे लागले. इंग्रजांनी याला आपला विजय म्हटले. तोफखान्याच्या दृष्टीने ते चूक नव्हे. परंतु पाठलाग कुठे थांबला, ते पाहा. मराठी तरांडी नागावच्या खाडीतल्या उथळ पाण्यात शिरली आणि ‘रिव्हेंज’ला बाहेरच थांबावे लागले. खांदेरीला होणारा पुरवठा त्या लढाईनेही तुटला नाही.

१६/ पुढे सिद्दीचे आरमारही इंग्रजांच्या मदतीस आले. तरी बेट पडले नाही. १६८० च्या आरंभी इंग्रजांनी समेट करून वेढा उठवला. त्याच सुमारास सिद्दीने शेजारची उंदेरी बळकावली आणि पुढची कित्येक वर्षे ही दोन बेटे एकमेकांवर तोफा रोखून उभी राहिली. पुढच्या शतकात खांदेरी कान्होजी आंग्र्यांकडे आली. १७१८ मध्ये मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून याने तिच्यावर केलेली मोहीमही फसली.

१७/ ग्रंथांत नावे उरली ती मायनाक, दौलतखान यांची. रात्री वल्ही मारणाऱ्या तांडेल-खलाशांची नावे कुणी लिहून ठेवली नाहीत. कोळी, भंडारी आणि दर्यावर उपजीविका करणाऱ्या इतर समाजांतली ही माणसे. त्यांच्यापाशी नकाशे नव्हते. खडक, वारा आणि तिथी यांचे पिढीजात ज्ञान होते. स्वराज्याचे आरमार लाकडाइतकेच या ज्ञानाचे बांधलेले होते, असे मला वाटते.

१८/ बेटावर राहायचे तर पहिला प्रश्न गोड्या पाण्याचा. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी मालवणसमोरच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचे काम सुरू झाले. आजही तिथे दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या तीन विहिरी दाखवतात. चोहोकडे खारे पाणी आणि मध्ये गोडे, याचे नवल वाटते. पावसाचे पाणी बेटाच्या पोटात मुरते, ते खाऱ्या पाण्याहून हलके असल्याने वरच्या थरात टिकून राहू शकते. जागेची निवड करताना तट आधी येत नाही, विहीर येते.

१९/ मग भरतीच्या हिशेबात मराठे कधी चुकले नाहीत काय? चुकले, आणि तेही साक्षात छत्रपतींच्या जिवावर बेतण्याइतके. नोव्हेंबर १६८३. संभाजी महाराजांची गोव्यावर स्वारी. मांडवी नदीतल्या जुवे बेटावरचा किल्ला मराठ्यांनी रात्री, ओहोटीची वेळ साधून, घेतला. दुसऱ्या दिवशी पोर्तुगीज व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर स्वतः बेट सोडवायला आला. त्याचा पराभव झाला आणि त्याचे सैनिक होड्यांकडे पळू लागले.

२०/ पाठलागाच्या भरात संभाजी महाराजांनी घोडा पाण्यात घातला. परंतु आता भरती होती. पाणी चढलेले, घोड्याचे पाय सुटले आणि तो पोहू लागला. तेव्हा खंडो बल्लाळ चिटणीस यांनी पाण्यात उडी घेऊन महाराजांना वाचवले, अशी हकीकत सांगितली जाते. रात्री ज्या पाण्याने वाट दिली, त्याच पाण्याने काही तासांनी राजाचाच घोडा उचलला.

२१/ इतिहासाच्या विद्यार्थ्याने इथे थांबून साधन तपासावे. ही हकीकत चिटणीस बखरीच्या परंपरेतली. ती बखर घटनेनंतर शतकाहून अधिक काळाने लिहिली गेली आणि तिचे कर्ते मल्हार रामराव चिटणीस हे खंडो बल्लाळांच्याच घराण्यातले. पूर्वजाचा पराक्रम रंगवण्याचा मोह तेथे संभवतो. तपशिलावर म्हणून जपून विश्वास ठेवावा. मांडवीची भरती मात्र कोणत्याही बखरकाराच्या मर्जीवर चालत नाही आणि ती आजही त्याच पाण्यात तशीच चढते.

२२/ आता पुन्हा मुंबईच्या मुखाशी येऊ. १७ जुलै १९४७. दिव्याची अवस जवळ आलेली, म्हणजे उधाणाचे दिवस, त्यात भर पावसाळा. मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ उलटली. सहाशेहून अधिक माणसे बुडाली. सणासाठी घरी निघालेले कोकणी चाकरमानी त्यांत होते. जे वाचले, त्यांतल्या अनेकांना त्या पाण्यात असलेल्या रेवसच्या कोळ्यांनी आपल्या होड्यांत ओढून घेतले. १६७९ मध्ये ज्या ज्ञानाने बेट राखले, त्यानेच त्या दिवशी जीव राखले.

२३/ आणि १ फेब्रुवारी २०१६. मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीस आलेले चौदा विद्यार्थी बुडाले. हा धागा वाचणाऱ्या तुमच्याच वयाचे. महिना फेब्रुवारीचा, वादळ नाही, पाऊस नाही. समोर जंजिरा दिसतो, पाणी निवांत भासते. शांत दिसणारा समुद्र सुरक्षित असतोच असे नाही, हे आपल्या पूर्वजांना सांगावे लागत नव्हते. आपल्याला सांगावे लागते, कारण आपण समुद्राकडे पाहुणे म्हणून जातो.

२४/ खांदेरीच्या माणसांचे नियम आजच्या भाषेत मांडू. पहिला : ऋतू. जून ते सप्टेंबर पाण्यात उतरू नये. मच्छीमारही या काळाचा आरंभ, १ जून ते ३१ जुलै, बंदीने पाळतात. दुसरा : तिथी. त्या दिवसाची भरतीची वेळ आधी काढावी. तंबू ठोकताना वाळूवर शेवाळ, शिंपले, काटक्यांची जी ओळ दिसते, ती मागल्या भरतीची खूण. तंबू तिच्या बराच वर असावा. उधाण जवळ येत असेल, तर उद्याची ओळ आजच्या वर जाणार हे ध्यानात ठेवावे.

२५/ तिसरा : परतीची वाट. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर ओहोटीला चालत जाता येते, भरतीला ती वाट पाण्याखाली जाते. किल्ला पाहण्याच्या नादात पाणी चढते आणि मग काही जण कमरेएवढ्या पाण्यातून निघण्याचे धाडस करतात. ते करू नये. होडी मिळेतो किंवा पाणी उतरेतो किल्ल्यातच थांबावे. चौथा : गोडे पाणी. माणशी पुरेल इतके सोबत न्यावे. बेटावर मुक्काम करायचा तर परवानगीची चौकशी आधी करावी.

२६/ पाचवा, पोहण्याचा. खाडीच्या मुखाशी आणि खडकांजवळ उतरू नये, ओहोटी लागली असता तर मुळीच नाही. लाटांनी किनाऱ्यावर आणलेले पाणी एखाद्या अरुंद पट्ट्यातून वेगाने परत जाते. तिथे लाटा फुटत नाहीत, म्हणून नवख्याला नेमकी तीच जागा शांत वाटते. अशा ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे झुंजू नका, दम संपतो. किनाऱ्याला समांतर, आडवे पोहून पट्ट्याबाहेर पडा आणि मग वळा. जमत नसेल तर तरंगत राहून हात वर करा. बुडणाऱ्यासाठी साखळी करून आत धावू नका. दोरी, रिकामा कॅन, ट्यूब फेका आणि जीवरक्षकाला हाक द्या.

२७/ सहावा नियम सर्वांत जुना : तिथल्या माणसाला विचारा. कोळीवाड्यातला म्हातारा “आज नको” म्हणाला तर कारण न विचारता मागे फिरा. त्याला तिथी ठाऊक असते, वारा ठाऊक असतो आणि मागल्या खेपेस कुठे कोण बुडाले, तेही ठाऊक असते. मायनाकाने सोबत नेली होती ती अशी माणसे. 

२८/ जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा मानले, त्यांत खांदेरी आहे. १८६७ चे दीपगृह तिथे उभे आहे आणि कोळ्यांचा वेताळ आजही पुजला जातो. थळहून होडीने कधी जाल, तेव्हा तटाचे फोटो जरूर काढा. पण उतरण्याआधी तांडेलाला एक प्रश्न विचारा : “दादा, पाणी कधी उतरायला लागेल?” साडेतीनशे वर्षांपूर्वी त्या बेटावरच्या प्रत्येक रात्रीची सुरुवात याच प्रश्नाने झाली असेल.

धागा समाप्त. समुद्रावर जाणाऱ्या मित्रांपर्यंत पोहोचवा. 🙏